कानोसा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी शास्त्रज्ञ नव्हे, बी. ए. झालेला सरकारी नोकर आहे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, ते माझ्या आईमुळे.

आमचे गाव किल्लारीच्या पंचक्रोशीतले. १९९२ साली तेथे धक्के बसू लागले, जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. लोक रात्ररात्र कानोसा घेत. पुढे सारे निवळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे नेली. आई वाचली. तिला मी इकडे आणले.

आपल्या सरोजिनी नगरापासून अमौसीचा विमानतळ जवळच. विमानांच्या घरघरीला ती आठवड्यात सरावली. परंतु मांडणीवरचे भांडे किणकिणले, की ती अंगणात! "अगं, उंदीर असेल," मी चिडून म्हणे. "असेल रे," ती म्हणे, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंगणात.

१९६१ साली अमेरिकेत ईगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना सततच्या खरखरीत मिसळलेला अगदी क्षीण स्वर ऐकवला. तो केव्हा येणार याची निश्चिती जसजशी कमी केली, तसतसा तो ओळखणे अवघड झाले. हे स्वाभाविकच आहे. वेळ ठाऊक नसली की प्रत्येक क्षण तपासावा लागतो, आणि खरखरीतलाच एखादा चढउतार स्वरासारखा भासतो. मग शंका येताच 'आला' म्हणून वारंवार फसावे, की खात्रीची वाट पाहत खरा स्वर गमवावा? ऐकणारा कोणती चूक पत्करतो, हे कोणती महाग पडेल यावर ठरते. आईने ती किंमत पाहिली होती. मी पाहिली नव्हती.

तिच्या अखेरच्या आजारात मी शेजारच्या खोलीत निजत असे. पहिल्या काही रात्री हाकेच्या भासाने दहादा उठलो, दहाही वेळा ती शांत झोपलेली. मग एका रात्री कूलरच्या आवाजात काहीसे ऐकू आले. भासच, असे म्हणून कूस बदलली. पहाटे पाहतो तो आई पलंगाखाली पडलेली.

"दोन हाका मारल्या रे," एवढेच म्हणाली.

त्यानंतर लखनौच्या त्या ज्येष्ठातही कूलर बंद राहिला. तिच्या उशाशी पितळी तांब्या आणि चमचा ठेवला. तो नुसता किणकिणला, तरी मी उठत असे.