वितळणारा बर्फ आणि दर तासाचे कार्ड



आजचा विषय आपल्या सभांना थोडा अनोळखी आहे. चित्र भिंतीवर राहते, पुतळा चौथऱ्यावर राहतो. 'परफॉर्मन्स आर्ट' या प्रकारात मात्र कलावंत स्वतःचे शरीर आणि वेळ यांतूनच कृती घडवितो. वेळ संपली की कृतीही संपते. आपण म्हणू, यात नवल ते काय? अनित्यता आपण लहानपणापासून विहारात ऐकत आलो. पण 'सारे अनित्यच' म्हणून हात झटकणेही सोपे असते. जे नाहीसे झाले, त्यात खर्ची पडलेल्या श्रमाचे काय, हा माझा प्रश्न आहे.

1997 साली मेक्सिको सिटीत फ्रान्सिस आलिस या बेल्जियममध्ये जन्मलेल्या कलावंताने बर्फाची मोठी लादी रस्त्यांवरून ढकलत नेली. नऊ तासांहून अधिक वेळ. शेवटी पायाने लोटता येईल एवढा खडा उरला, मग नुसती ओल. दिवसभर ओझी ढकलणारी माणसे त्या शहरात काय थोडी आहेत? त्यांच्या घामाचीही अशीच ओल होते.

त्याआधी, 1983 च्या हिवाळ्यात, न्यूयॉर्कच्या फुटपाथवर डेव्हिड हॅमन्स या कृष्णवर्णीय कलावंताने सतरंजी अंथरली आणि बर्फाचे गोळे आकारानुसार मांडून विकायला ठेवले. शेजारी इतर फेरीवाले होतेच. गिऱ्हाइकाच्या हाती घरच्या उबेत पाणीच उरणार! हा मिस्कीलपणा मला फार आवडतो.

परंतु सर्वांत विचार करायला लावतो तो तेहचिंग श्ये. जन्म तैवानचा, 1950 चा. 1974 साली तो जहाजावरून उतरला आणि परवान्याशिवाय अमेरिकेत राहिला. हॉटेलांत भांडी घासली, साफसफाई केली. 1988 च्या माफीपर्यंत कायद्याच्या लेखी तो तिथे नव्हताच. अशा माणसाने 11 एप्रिल 1980 पासून वर्षभर, कामगाराचा गणवेश घालून, कारखान्यात असते तशा घड्याळावर दर तासाला कार्ड पंच केले. रात्रीसुद्धा. सलग तासाभराहून अधिक झोपायची सोय नाही. ज्यांच्या घरात पाळीची नोकरी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने एक चित्र टिपले. सुरुवातीला त्याने डोके भादरले होते. सहा मिनिटांच्या चित्रफितीत केस खांद्याकडे वाढत जातात आणि एक वर्ष निघून जाते. त्या वर्षात माल काहीच तयार झाला नाही. पण कार्डांवर साक्षीदाराच्या सह्या आहेत. ज्याची कुठेच नोंद नव्हती, त्याच्या तासांची नोंद झाली.

वर्षाचे तास 8,760. त्यांपैकी 133 हुकले, आणि त्याने ते लपविले नाहीत. विद्यार्थ्यांनी हे काम कुठे पाहिले तर आधी तोच हिशेब वाचावा : 94 वेळा झोप लागली, 29 वेळा उशीर झाला, 10 वेळा घाईने आधीच पंच केले.