साथीच्या काळातली सोनोग्राफी

2020 च्या कोविड टाळेबंदीतही गरोदर मातांच्या तपासण्या अत्यावश्यक सेवेत होत्या. तेव्हा साथीच्या भीतीनं सोनोग्राफी चुकवू नका, विशेषतः 18 ते 20 आठवड्यांची. बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा यांतली अनेक व्यंगं याच सुमारास नीट दिसतात. उशीर झाला, तर पुढचे निर्णय अवघड होतात.

वेळ फोनवरून ठरवा. ताप-खोकला असेल तर आधीच कळवा. मास्क लावा, सोबत फार तर एकच माणूस न्या.

पोटावर फिरणारा प्रोब प्रत्येक तपासणीनंतर जेल पुसून निर्जंतुक करायलाच हवा, त्याची वायरसुद्धा. तो पुसलाय का, हे बिनदिक्कत विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

आणि रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.