आधी पालकांची बैठक



१९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा स्त्री-संघटनांनी निषेध केला. आता २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं : त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करता येणार नाहीत. पण संमती काय, नकार काय, हे ती शिकणार कुठे?

आमच्या वर्गात तिशीची बाई ओळखीचा, मित्र, जोडीदार यांतला फरक शिकते. घरी मात्र आई दार सताड उघडं ठेवून तिला आंघोळ घालते. 'काकांना पापी दे' म्हणते. मग परक्याला ती नाही कसं म्हणणार?

म्हणून पालकांची बैठक आधी. (वडील क्वचितच येतात, ते भांडण वेगळं!) "तिला काय कळतंय?" म्हणणाऱ्या आईच्या पोटात 'माझ्यामागं हिचं कसं?' ही भीती असते. त्या भीतीला हिणवून चालत नाही. पण एक अट मी पहिल्याच दिवशी घालते : आपल्याला कोण आवडतो हे मुलगी वर्गात बोलली, तर तिला विचारल्याशिवाय ते घरी सांगणार नाही. जबरदस्तीची गोष्ट वेगळी. इथं चेहरे पडतात.

परवा एका आईनं न्हाणीघराला आतून कडी बसवून घेतली. बाहेरूनही उघडेल अशी. चालेल.