कोरेगावचा स्तंभ

पुण्याहून नगरकडे निघालो की भीमेच्या अलीकडे एक दगडी स्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीची आठ-नऊशेची तुकडी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी येथे दिवसभर झुंजली. सरकारने हा स्तंभ उभारला तो स्वतःच्या गौरवासाठी. आम्हांला खिळवून ठेवले ते मात्र त्यावरील नावांनी. पडलेल्या शिपायांत ‘नाक’ने संपणारी नावे किती तरी आहेत, ती महारांची. गावाने ज्यांची सावलीही टाळली, त्यांची नावे दगडावर चढली! पुढे त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. दगड बोलत राहिला, सरकार विसरले. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर येथे आले. तेव्हापासून हा स्तंभ कंपनीचा उरला नाही. आता दर १ जानेवारीला माणसांची रीघ लागते, आणि पुष्कळजण आधी नावेच वाचतात.