परदेशातील विद्या आणि वऱ्हाडची माती

(बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



1870 साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. जेमतेम आठ मैलांच्या मार्गाचे एवढे कौतुक कशासाठी? खामगावच्या बाजारातील कापूस मुंबई बंदरात आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचवायचा होता. येथून कापूस गेला आणि कापड होऊन परत आला. पिकवणाऱ्याच्या पदरी कच्च्या मालाचे मोल पडले, कसबाचे मोल परक्याने घेतले.

आज याच जिल्ह्यातील मुलेमुली जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला शिकावयास जातात. चिखलीचा, मेहकरचा, मलकापूरचा शेतकरी मुलाच्या प्रवेशासाठी बँकेचे कर्ज काढतो. मुलाने जावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणता हेतू मनात ठेवून त्याने जावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर विदर्भाच्याच दोन विद्यार्थ्यांच्या चरित्रांत सापडते.

पहिले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. लोकमान्य टिळकांची प्रेरणा त्याच्या मनात होती. देश स्वतंत्र करावयाचा तर लष्करी विद्या हवी, म्हणून त्याने कॅलिफोर्नियातील टामलपाइस मिलिटरी अकॅडमीत शिक्षण घेतले. पण सैन्याइतकीच चिंता अन्नाचीही होती. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळून निघाले होते. ज्या पिढीने ते पाहिले, तिला शेतीशास्त्र हे दुय्यम वाटणे शक्य नव्हते. खानखोजे यांनी ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात व पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात कृषिशास्त्राचा अभ्यास केला.

घरून पैसा येण्याची सोय नव्हती. मिळेल ते कष्टाचे काम करून त्यांनी शिक्षण पार पाडले. ऑरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर त्यांचे सोबती झाले. सुशिक्षित विद्यार्थी आणि निरक्षर कामकरी यांच्यातील अंतर परदेशात गळून पडले. तेथे दोघांचीही ओळख एकच होती, परतंत्र देशाचे नागरिक! या जवळिकीतून जे संघटन उभे राहिले, तेच पुढे 1913 साली गदर पक्ष म्हणून जगाला ज्ञात झाले. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे यांचे नाव त्यात अग्रभागी आहे.

पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. प्रयत्न फसला, मायदेशाची दारे बंद झाली. 1924 साली ते मेक्सिकोत गेले. मनुष्य खचून जावा असा हा काळ. परंतु विद्या सोबत होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात चितारले. सप्टेंबर 2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

हा गौरव ऐकून ऊर भरून येतो, पण त्यात एक सलही आहे. ज्या विद्येसाठी हा तरुण विदर्भातून निघाला, तिचे फळ ऐन उमेदीच्या वर्षांत परक्या भूमीला मिळाले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, नागपूरला स्थायिक झाले आणि 1967 साली त्यांचे देहावसान झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 मध्ये, भारताने मेक्सिकोहून सुमारे 18,000 टन गव्हाचे बियाणे आणले होते. ते वाण डॉ. नॉर्मन बोरलॉग यांचे. परंतु मेक्सिकोच्या शेतात खपलेल्या एका वैदर्भीय संशोधकाला हे दृश्य पाहून काय वाटले असेल?

दुसरे डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातील पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा 1920 साली विलायतेस गेला. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकला, बॅरिस्टर झाला. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. पाश्चात्त्य विद्यापीठात बसून त्याने स्वतःचीच मुळे शोधली. परतल्यावर मात्र ग्रंथांत रमून न राहता अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा, म्हणून त्यांनी लढा दिला. 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत शाळा पोहोचवल्या. 1952 पासून दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे, आणि बुलढाणा जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो.

खानखोजे यांना परतता आले नाही, कारण वाटेत परकीय सत्ता उभी होती. आजच्या विद्यार्थ्याच्या वाटेत कोणीही उभे नाही. त्याला अडवते ती सवय, सोय आणि येथे काय करावयाचे हा संभ्रम. यात केवळ मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. परतणाऱ्याच्या ज्ञानाला येथे जागा, साधने आणि मान मिळतो का, हे समाजानेही स्वतःला विचारावयास हवे.

म्हणून पालकांनी मुलांना निःशंक मनाने पाठवावे. मुलांनी तेथे कष्टाची लाज बाळगू नये, देशबांधवांत मिसळावे, मायबोली सोडू नये. आणि जो तेथेच राहील, त्यानेही गावाच्या शाळेशी, शेताशी, पाण्याच्या प्रश्नाशी नाते तोडू नये. सिंदखेडराजाच्या लेकीने, जिजाऊंनी, पुत्राला केवळ शौर्य शिकवले नाही. ते शौर्य कोणासाठी, हेही शिकवले. परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात आईवडिलांनी एवढी एकच गोष्ट आठवणीने ठेवावी. खामगावचा कापूस एकदा कच्चा माल म्हणून गेला. जिल्ह्याची मुले तशी जाऊ नयेत.