पाळी गेली म्हणजे सगळं संपलं?

(राळेगणसिद्धी येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्या गावानं पाणी अडवलं, दारू हटवली. आज, आपण बायका आपसातही बोलत नाही त्या विषयावर बोलू या.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले : १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८. इतकं आपण मुकाट सोसतो.

पाळी गेल्यावर ईस्ट्रोजेन कमी होतं. योनीची त्वचा पातळ, कोरडी होते. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते. मग ‘या वयात शोभतं का?’ म्हणत बाई अंथरूण वेगळं करते. कुणाला तेच हवं असतं. तो तिचा हक्क. पण जिला इच्छा आहे तिनं का लाजावं? मनाजोग्या संबंधांनी तिथला रक्तपुरवठा चांगला राहतो, लवचिकपणा टिकतो. दुखत असेल तर जेली आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं मलम आहे. दुखणं सोसून नवऱ्याला राजी राखणं, हे मात्र आरोग्य नव्हे.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, तर लगेच तपासून घ्या.

घरी गेल्यावर जावेला, शेजारणीला एवढंच विचारा, ‘‘तुला दुखतं का गं?’’