सही कोणाची?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पानं वाढायला अजून वेळ आहे, तेवढ्यात ‘तुझ्या व्यवस्थापनाचं काहीतरी सांग’ अशी संयोजकांची आज्ञा झाली आहे. मग एका घोड्याची गोष्ट सांगतो.

१८६१ साल. फ्रान्समधली कॉमेंत्रीची कोळसा खाण. तिथल्या एका घोड्याचा पाय मोडला. विशीही न गाठलेल्या तरुण इंजिनीअरने दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी पाठवली. तबेलेवाल्याने घोडा दिला नाही, कारण चिठ्ठीवर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेर गेलेले आणि त्यांच्या जागी कोणी नेमलेला नाही. घोडे तबेल्यात उभे आणि काम बंद! तबेलेवाल्याला मी दोष देणार नाही, त्याला हुकूमच तसा होता. दोष रचनेचा.

तो इंजिनीअर म्हणजे हेन्री फेयॉल. आपल्यातले जे कॉमर्सला गेले, त्यांनी त्याची १४ तत्त्वं पाठ केली असतील आणि परीक्षेनंतर विसरलीही असतील. १८८८ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात असताना तो तिचा प्रमुख झाला, आणि १९१८ मध्ये ती भक्कम करूनच निवृत्त झाला. १९१६ साली त्याने आपला अनुभव लिहून काढला.

त्याचं मला सर्वांत पटलेलं तत्त्व म्हणजे आदेशाची एकता: एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरचं म्हणणं वेगळं होतं. कामगारावर आठ मुकादम असावेत. एक वेग पाहणारा, एक तपासणारा, एक दुरुस्तीचा, एक शिस्तीचा, असे. ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते सांगावं, हा विचार कागदावर उत्तम. फेयॉलला तो मान्य नव्हता. मीही शॉप फ्लोअरवर तीस वर्षं काढली. एक साहेब ‘चालव’ म्हणतो, दुसरा ‘थांबव’ म्हणतो आणि कामगार बिचारा मशीनपाशी दोघांची तोंडं बघत उभा, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता शाळेच्या प्रयोगशाळेकडे येतो. वर्गणी जमली त्याला सात महिने झाले. धनादेशावर तिघांच्या सह्या लागतात. त्यातला एक नाशिकला, एक मस्कतला लेकीकडे. शिवाय ग्रुपवरून सहा जण मुख्याध्यापिका बाईंना सूचना करतात. कोणी म्हणतो आधी फरशी, कोणी म्हणतो आधी गॅसची लाइन. सहाही जण तळमळीनेच बोलतात, पण बाईंनी ऐकायचं कोणाचं? मुलं अजून वर्गातच, फळ्यावरच्या आकृतीत प्रयोग करताहेत.

माझी सूचना एवढीच. तीनपैकी कोणत्याही दोन सह्या चालाव्यात. अध्यक्ष आणि खजिनदार गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण, हे नावानिशी लिहून ठेवावं. बाईंशी मंडळाच्या वतीने एकानेच बोलावं. बाकीच्यांनी आपलं म्हणणं त्याच्याकडे द्यावं. गवंडी आणि इलेक्ट्रिशियन यांनी मात्र एकमेकांशी थेट बोलावं, प्रत्येक वेळी वरपर्यंत जाऊ नये. फेयॉलनेही अशी आडवी वाट ठेवली होती; अट एवढीच, की दोघांच्या वरिष्ठांची तिला संमती हवी आणि काय ठरलं ते त्यांना कळवायला हवं.

सह्या बदलण्याचा बँकेचा फॉर्म मी बरोबर आणला आहे. मस्कतवाले आज इथे हजर आहेत, तेव्हा जेवणाआधी तेवढं उरकून घेऊ या.